लोकरीला लागणारी कसर

मराठी घरात शालीला भोक पडो, देवघरातल्या रेशमी कदावर विरल्यासारखी रेघ दिसो किंवा जुन्या पोथीची कडा खाल्ली जावो, तिन्ही वेळी ‘कसर लागली’ एवढेच निदान होते आणि उपायही एकच योजला जातो, तो म्हणजे डांबरगोळ्या. प्रत्यक्षात या तीन नासाड्यांमागे तीन निरनिराळे कीटक असू शकतात. त्यांचे अन्न, त्यांच्या लपण्याच्या जागा आणि त्यांच्या नाशाचे मार्ग इतके वेगळे आहेत की ओळख न पटवता केलेला उपाय बहुतेक वेळा वाया जातो. प्रस्तुत प्रकरणाचा मुख्य विषय यांपैकी लोकर खाणारा पतंग हा आहे. उरलेल्या दोघांचा परामर्श फरक लक्षात येण्यापुरता घेतला आहे.

फुलपाखरे आणि पतंग यांचा मिळून जो शल्कपंखी गण होतो, त्यातील टिनिइडी या कुलात लोकर खाणारे पतंग मोडतात. घरातील कपड्यांच्या दृष्टीने त्यांतल्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. पहिली टिनिओला बिसेलिएला, जिचे शास्त्रीय वर्णन हुमेल याने १८२३ मध्ये केले आणि जिची अळी कापडावर रेशमी धाग्यांचे जाळे विणून त्याच्या आडोशाने खाते. दुसरी टिनिया पेलिओनेला, जिची नोंद लिनियसने १७५८ मध्येच केली होती आणि जिची अळी स्वतःभोवती नळीच्या आकाराचे घर तयार करून ते ओढत हिंडते. पहिल्या जातीचा प्रौढ पतंग पंख मिटून बसला असता जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर लांब भरतो. त्याचे पंख गव्हाच्या तुसासारखे फिकट सोनेरी आणि चकचकीत असतात, त्यांवर एकही ठिपका नसतो, आणि भिंगाखाली पाहिल्यास डोक्यावर तांबूस केसांचा झुबका स्पष्ट दिसतो. दुसरीचा पतंग करड्या तपकिरी रंगाचा असून त्याच्या पुढच्या पंखांवर अंधुक ठिपके असतात, मात्र पंखांवरचे खवले झडत गेले की हे ठिपके पुसट होतात आणि केवळ त्यांवरून ओळख पटवणे अवघड जाते.

रूपापेक्षा वर्तनावरून होणारी ओळख अधिक खात्रीची असते. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारा पतंग लोकर खाणारा असण्याची शक्यता फार थोडी, कारण हे पतंग उजेड टाळतात. कपाट उघडून शालीची घडी उलगडली की ते उडून जाण्याऐवजी तुरुतुरु पळत पुढच्या घडीत शिरतात. अंड्यांच्या भाराने जड झालेली मादी क्वचितच उडते. अंधाऱ्या खोलीत जमिनीलगत फडफडत जाताना दिसतात ते बहुधा नर असतात. स्वयंपाकघरात उडणारे लहान पतंग हे तर बहुतेक वेळा तांदूळ, रवा किंवा शेंगदाण्यांत जाळी करणाऱ्या अळ्यांचे प्रौढ रूप असते. त्यांपैकी प्लोडिया या पतंगाचे पंख मुळाशी फिकट आणि टोकाकडे तांबूस असे दुरंगी असल्यामुळे तो सहज ओळखू येतो. असा पतंग दिसल्यावर कपड्यांचे कपाट रिकामे करण्यात अर्थ नसतो. डबे तपासून जाळी धरलेले धान्य टाकून द्यावे लागते.

प्रौढ पतंगाला कार्यक्षम मुखांगे नसतात, त्यामुळे तो आयुष्यात काहीही खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो दोन ते चार आठवडे जगतो आणि तेवढ्या काळात मीलन व अंडी घालणे एवढेच त्याचे कार्य असते. म्हणूनच दिसलेला पतंग चपलेने चिरडून समाधान मानणाऱ्याने ध्यानात घ्यावे की नुकसान करणारी अवस्था दुसरीच आहे आणि ती त्या क्षणी घडीच्या आत निर्वेध खात आहे. मादी लोकरीच्या धाग्यांच्या फटींत सुमारे ४० ते ५० अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे पांढऱ्या कापडावर ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही असे म्हटले तरी चालेल. उबदार हवेत चार ते दहा दिवसांत त्यातून पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी बाहेर पडते आणि लगेच खाऊ लागते. अळीच्या अवस्थेचा काळ कमालीचा लवचीक आहे: अन्न, ऊब आणि दमटपणा मनाजोगता मिळाला तर तो सुमारे ३५ दिवसांत पुरा होतो, आणि थंडी किंवा निकृष्ट अन्न वाट्याला आले तर तो दोन वर्षांहून अधिक लांबू शकतो. पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि सत्तर टक्क्यांच्या वर गेलेली आर्द्रता ही या कीटकाला सर्वांत मानवते. मुंबई, कोकण आणि गोवा येथे पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात नेमकी अशीच हवा असते, आणि त्याच महिन्यांत लोकरीचे कपडे कोणी उघडूनही पाहत नाही. विदर्भ आणि मराठवाड्यात मे महिन्यातली चाळिशीपुढची उष्णता मात्र या कीटकाची वाढ रोखते.

लोकर खाऊन जगणे ही प्राणिसृष्टीत दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिच्यामागचे रसायन समजून घेण्याजोगे आहे. लोकर, केस, पिसे, नखे आणि शिंगे ही सर्व केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधांनी एकमेकींना जागोजागी जखडलेल्या असतात, आणि हे बंध इतके चिवट असतात की माणसाच्या पोटातले पाचकरस त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. गिळला गेलेला केस पचत नाही तो याच कारणाने. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काय लिंडरस्ट्रॉम-लांग आणि त्यांचे सहकारी दुस्पिवा यांनी १९३०च्या दशकात या अळीच्या आतड्याचा अभ्यास केला, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला. अळीच्या मध्यांत्रातील द्रव तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याची रासायनिक घडण गंधकाचे बंध तोडणारी असते. प्रथम हे बंध सुटतात, साखळ्या मोकळ्या होतात, आणि मग नेहमीची प्रथिनपाचक विकरे, म्हणजे पचनाची क्रिया घडवून आणणारी द्रव्ये, त्यांचे तुकडे करू शकतात. कापसात केराटिन नसते, तो सेल्युलोजचा बनलेला असतो, त्यामुळे सुती कापड या अळीला पचत नाही. रेशीम हे प्रथिन असले तरी केराटिन नव्हे. ते ही अळी कधीमधी कुरतडते, पण तिचे खरे अन्न लोकर हेच.

तरीही केवळ शुद्ध लोकरीवर या अळीचे नीट भागत नाही, आणि गृहिणीच्या दृष्टीने या साऱ्या रसायनशास्त्रातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. ब गटातील जीवनसत्त्वे आणि क्षार धुतलेल्या लोकरीत जवळजवळ नसतात. ते अळीला घामाच्या, तेलाच्या, सांडलेल्या दुधाच्या किंवा आमटीच्या डागांतून मिळवावे लागतात. म्हणून स्वेटरची पहिली भोके गळ्याशी, मनगटाशी आणि काखेत पडतात, आणि शालीचा खांद्यावर टेकणारा भाग पदरापेक्षा आधी खाल्ला जातो. एकदाच नेसून ‘मळली कुठे आहे’ म्हणून न धुता ठेवलेली सोवळ्याची धाबळी वर्षानुवर्षे वापरातल्या घोंगडीपेक्षा लवकर का जाते, याचे उत्तर मात्र डागांइतकेच हालचालीत आहे: घोंगडी रोज झटकली जाते, उन्हात पडते, माणसाच्या अंगाखाली चुरगळते, आणि या हालचालीत कोवळ्या अळीचा निभाव लागत नाही. धनगरांची दख्खनी लोकरीची घोंगडी वापरात असेपर्यंत टिकते आणि माळ्यावर गेली की चाळण होते, हा अनुभव शास्त्राशी पूर्ण जुळणारा आहे.

अळी सापडली नाही तरी तिच्या खुणा बोलक्या असतात. जाळे विणणारी अळी कापडाच्या पृष्ठभागावर पांढुरक्या, चिकट धाग्यांचे अस्तर तयार करते आणि त्याखालून चरत जाते. त्या अस्तरात वाळूच्या कणांएवढे विष्ठेचे गोळे अडकलेले असतात. या गोळ्यांचा रंग कापडाच्या रंगासारखाच असतो, कारण अळी लोकर पचवते पण तिच्यावरचा रंग तिला पचत नाही; लाल शालीवर लाल कण, हिरव्या स्वेटरवर हिरवे. घर वाहणाऱ्या अळीची नळी ६ ते ९ मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना उघडी असते, आणि तीही खाल्लेल्या लोकरीच्या तंतूंपासूनच विणलेली असते. अळी निळ्या कापडावरून पिवळ्यावर गेली तर नळीवर निळ्यानंतर पिवळा पट्टा उमटतो, त्यामुळे अशी एखादी नळी भिंगाखाली धरल्यास तिने कोणकोणत्या कपड्यांवरून प्रवास केला हे क्रमाने वाचता येते.

कोकण-मुंबईकडच्या घरांत भिंतीवर, पंख्याच्या वर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात राखाडी, चपट्या, मध्यभागी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या अशा पिशव्या चिकटलेल्या दिसतात आणि पुष्कळांना तो भिंतीचा सुटलेला पोपडा वाटतो. नीट निरखल्यास एका टोकातून गडद डोके बाहेर काढून ती पिशवी सरकताना दिसते. ही फेरिओएका या प्रजातीतील अळी असून ती वरील दोघींच्याच कुलातली आहे. तिची पिशवी धूळ, वाळूचे कण आणि तंतू यांची बनलेली असते, आणि तिचे मुख्य खाद्य जुनी कोळिष्टके, गळलेले केस व मेलेले कीटक हे असते. लोकर समोर आली तर ती सोडत नाही, परंतु कपाटातल्या शालीचा सत्यानाश करणारी बहुधा ही नव्हे. तिच्यासाठी कुंचा फिरवून जळमटे काढणे एवढा उपाय पुरतो.

भोके आहेत पण जाळे, नळी किंवा रंगीत कण यांपैकी काहीच नाही, अशा वेळी डर्मेस्टिडी कुलातल्या भुंगेऱ्यांवर संशय घ्यावा. दोन-तीन मिलिमीटरचे हे गोल, चट्टेरी भुंगेरे फुलांच्या परागकणांवर जगतात आणि खिडकीच्या काचेवर मेलेले आढळतात. त्यांच्या राठ केसाळ अळ्या मात्र लोकर, रेशीम, पिसे, चामडे सर्व काही खातात आणि मागे टाकलेल्या कातींवरून ओळखू येतात. पैठणीचे किंवा शालूचे रेशीम खाल्ले गेले असेल तर पतंगापेक्षा यांची शक्यता अधिक. तिसरा प्रकार म्हणजे चंदेरी, माशासारखा निमुळता, पंख नसलेला आणि शेपटाला तीन लांब तंतू असलेला कीटक, जो पुस्तकांत सर्रास आढळतो. त्याला पिष्ट, म्हणजे स्टार्च, आवडते; खळ किंवा कांजी घातलेली सुती साडी आणि पुस्तकाच्या बांधणीतली खळ हे त्याचे खाद्य आहे. साड्या खळ न घालता ठेवणे हाच त्यावरचा उत्तम प्रतिबंध.

लोकरीचे पतंग घरात कोठून येतात, हा प्रश्न शोधायचा राहून गेला तर सर्व सफाई पुन्हा पुन्हा करावी लागते. माणसाने लोकर विणण्यापूर्वीपासून या कुलातल्या अळ्या पक्ष्यांच्या घरट्यांत आणि मेलेल्या प्राण्यांच्या केसांत राहत आल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या इमारतींत वातानुकूलन यंत्रामागे किंवा डक्टमध्ये कबुतरांची घरटी साचलेली असतात, आणि पिसे, विष्ठा, मेलेली पिल्ले यांचा तो थर म्हणजे कसरीला आयते कोठारच होय. माळ्यावर मेलेला उंदीर, लोकरीच्या गालिच्याचा पलंगाखाली गेलेला भाग, कुत्र्या-मांजराचे केस साचलेली सोफ्याची फट, या जागाही तपासाव्यात. संगीतप्रेमी घरांत आणखी एक ठिकाण हमखास विसरले जाते: हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली आणि झडपांवर लोकरीचे फेल्ट आणि मऊ चामडे असते, आणि पेटी वर्षभर झाकून ठेवली की ते खाल्ले जाऊन हवा गळू लागते व नको ते सूर वाजत राहतात. पेटी अधूनमधून वाजवणे आणि वर्षातून एकदा उघडून झटकून घेणे तिच्या हिताचे असते.

उच्चाटनाची सुरुवात कपाट संपूर्ण रिकामे करण्यापासून होते. अर्धवट रिकामे करून काही साधत नाही, कारण राहिलेल्या एका मफलरमधून वसाहत पुन्हा उभी राहते. प्रत्येक वस्त्र गच्चीत किंवा अंगणात नेऊन उलगडावे, शिवणी, खिसे, कॉलरची उलटी बाजू आणि घड्यांच्या रेषा यांवरून ताठ ब्रश फिरवावा. कापडावर सैलपणे चिकटलेली अंडी आणि अळ्या त्याने गळून पडतात. त्यानंतर उष्णता, थंडी किंवा ड्रायक्लीनिंग यांपैकी एका मार्गाने उरलेल्या जीवांचा निकाल लावावा लागतो. पन्नास-पंचावन्न अंशांवर तासभर राहिल्यास अंड्यांसकट सर्व अवस्था मरतात. साठ अंशांच्या पाण्यात धुणे त्यामुळे परिणामकारक असले तरी लोकर आटते. म्हणून लोकरीसाठी कोरडी उष्णता बरी. कडक उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिक पिशवीत वस्त्र पातळ पसरून ती बंद करून दिवसभर तापलेल्या फरशीवर ठेवली आणि एकदा उलटवली तर आतले तापमान आवश्यक पातळीला पोहोचू शकते. मात्र जाड कांबळ्याची घट्ट घडी तशीच ठेवल्यास गाभा थंड राहतो आणि अळ्या तेथे सरकून वाचतात. ओल्या कापडावरून दिलेली वाफेची इस्त्री लहान वस्त्रांना चालते. रेशमावर आणि जरीवर यांपैकी कोणताही प्रयोग करू नये, त्यांना ड्रायक्लीनिंगच योग्य, आणि त्यात कीटकाच्या सर्व अवस्था मरतात.

थंडीचा उपाय किमती पश्मिन्यासाठी सर्वांत सौम्य आहे. वस्त्र प्लॅस्टिक पिशवीत घालून हवा काढून ती घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड कापडावर हवेतली वाफ जमून ते ओले होते. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा इतका थंड राहीलच असे नाही, आणि दार सतत उघडत असल्यामुळे त्याच्या तापमानात चढउतार होत राहतात. तेथे ठेवलेली शाल सुरक्षित झाली असे समजू नये.

रिकाम्या कपाटाचे सांधे, खणांचे तळ आणि मागची फळी व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ताठ ब्रशने साफ करून निघालेली धूळ ताबडतोब घराबाहेर टाकावी, कारण त्या धुळीतच अंडी असतात. फटींसाठी पायरेथ्रॉइड वर्गातला फवारा वापरता येतो. हा वर्ग शेवंतीच्या कुलातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या द्रव्याच्या धर्तीवर तयार केलेला आहे. घरात मांजर असल्यास त्यांतले परमेथ्रिन मांजरांना घातक ठरते, याची जाणीव ठेवावी. रसायनांवर सगळा भार टाकण्याचा मोह जुना आहे: बाझेलच्या गायगी कंपनीत पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, त्यापूर्वीपासून ती कंपनी लोकरीला कसर न लागावी म्हणून द्रव्ये शोधत होती, आणि पुढे डीडीटीही घरोघरी कपड्यांसाठी वापरले गेले. ते वर्षानुवर्षे विघटित होत नाही आणि प्राण्यांच्या चरबीत साठते, हे उमगल्यावर तो मार्ग बंद झाला.

डांबरगोळ्यांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. त्यांतले नॅप्थॅलीन हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळते आणि द्रवरूप न होता थेट वायूत रूपांतरित होते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. कीटक मरण्यासाठी या वायूचे प्रमाण बरेच वाढावे लागते आणि ते केवळ हवाबंद पेटीत, पुरेशा गोळ्या घालून, दीर्घकाळ शक्य होते. रोज उघडणाऱ्या कपाटात चार गोळ्या टाकल्याने अळ्या मरत नाहीत. वास तेवढा घरातली माणसे घेत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅप्थॅलीनचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत केला आहे, आणि युरोपीय संघाने २००८ पासून त्याच्या गोळ्यांवर बंदी घातली आहे. सर्वांत गंभीर धोका नवजात बाळांना असतो. तांबड्या पेशींचे रक्षण करणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता भारतातील काही समाजांत आढळते, आणि अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनच्या संपर्काने फुटून त्याला तीव्र कावीळ होऊ शकते. मोठ्या भावंडाची झबली, टोपडी आणि दुपटी डांबरगोळ्यांत जपून ठेवून धाकट्याला तशीच घालण्याची रीत म्हणून कटाक्षाने टाळावी. बाळाच्या कपड्यांच्या जवळपासही या गोळ्या असू नयेत. काही रंगीत, सुवासिक वड्यांमध्ये नॅप्थॅलीनऐवजी पॅराडायक्लोरोबेंझीन असते. तेही निर्धोक नाही. नॅप्थॅलीनबरोबर ते, किंवा कापूर, एकत्र ठेवल्यास दोन्ही विरघळून तेलकट द्रव तयार होतो आणि वस्त्राला डाग पडतो.

वेखंड, कडुनिंबाचा वाळवलेला पाला, लवंग, देवदाराची ढलपी हे पारंपरिक उपाय डांबरगोळ्यांपेक्षा निश्चितच कमी अपायकारक आहेत, पण त्यांचा गुण वास ताजा असेपर्यंत आणि तोही मुख्यतः पतंगाला दूर ठेवण्यापुरता. आधीच घडीत शिरलेली मोठी अळी त्यांना दाद देत नाही. आजीच्या पिढीतली वस्त्रे टिकली याचे श्रेय पाल्यापेक्षा त्या पाल्याबरोबर पाळल्या जाणाऱ्या नेमाला द्यावे लागेल: पावसाळा ओसरल्यावर येणाऱ्या उन्हात ट्रंका रिकाम्या होत, प्रत्येक वस्त्र उलगडून झटकले जाई आणि घडी मोडून नव्या रेषेवर घातली जाई. आज पाला टिकला आहे आणि नेम सुटला आहे.

मादीच्या गंधद्रव्याने नराला ओढणारे चिकट सापळे आता बाजारात मिळतात. त्यांत केवळ नर सापडतात, म्हणून त्यांनी उपद्रव संपत नाही. तो कोणत्या खोलीत आहे आणि उपायानंतर घटला का, हे मात्र नेमके कळते. इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्टने ब्लिकलिंग हॉल या वाड्यात २०२१ मध्ये अशा गंधद्रव्याच्या जोडीला ट्रायकोग्रामा नावाच्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या सोडल्या, ज्या पतंगाच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालून ते निकामी करतात. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला हे नाव नवे नाही. खोडकिडीसाठी उसाच्या पानांना टाचली जाणारी ट्रायकोकार्डे याच प्रजातीच्या माश्यांची असतात.

स्वच्छ झालेली लोकर पूर्ण वाळल्यावर, कोरड्या हवेच्या दिवशी, झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत किंवा बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवावी. दमट दिवशी बांधलेल्या पिशवीत कसरीऐवजी बुरशी लागते. रेशमी वस्त्र मलमलीत किंवा धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावे. भोक पडलेली शाल टाकून देण्याची घाई करू नये, कारण कुशल रफूगर त्याच शालीच्या कडेचे धागे उपसून भोक असे भरतो की ते शोधूनही सापडत नाही. परंतु तिला त्याच्याकडे धाडण्यापूर्वी वरीलपैकी एका मार्गाने ती कीडमुक्त करून घ्यावी, नाहीतर तिच्यातली अंडी त्याच्या दुकानातील इतरांच्या शालींना लागतात.